आवाजाची फाईल

हुडकेश्वर, नागपूर
५ ऑक्टोबर २०२५

चि. भैरवी,

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, पुढे सगळी कटकटच आहे.

कॉम्प्युटर बोलत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून गप्प आहे. मशीन सुरू होतं, टायपिंग होतं, मोबाईलचं नेट जोडलं की पत्रही जातं, हे पत्र त्यावरूनच लिहून राहिलो. पण तू बसवून दिलेली ती बोलायची खिडकी उघडायला गेलो की क्षणभर दिसते आणि मिटते. चूक काय झाली तेही सांगत नाही. टपाल खात्यात सॉर्टिंगला असताना पाकीट परत आलं तर त्यावर कारण तरी लिहिलेलं असायचं.

तुला माझी परिस्थिती नव्याने सांगायला नको, तरी सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी नाही. घशाच्या ऑपरेशननंतर मला आवाज नाही. काचबिंदूने तुझ्या मामीचे दोन्ही डोळे गेले. मी लिहू शकतो, तर तिला दिसत नाही. ती बोलू शकते, तर मला उत्तर देता येत नाही. मधे ते मशीन होतं. ऑपरेशनच्या आधी तू आठवडाभर माझ्याकडून पेपर वाचून घेतलास आणि त्यातून माझाच आवाज त्यात भरून ठेवलास, म्हणून इथे संसार चालू होता. मी टाईप करायचो, मशीन माझ्या आवाजात म्हणायचं, ती स्वयंपाकघरातून भांडायची. आता ती विचारते, "चहा ठेवू काय?" आणि मी टेबलावर टकटक करतो. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. काल विचारलं, "भाजी कोणती करू?" आता यावर एक वाजवू की दोन?

मोबाईलमध्ये मराठी बोलणारी बाई आहे, तीही वापरून पाहिली. तुझी मामी म्हणाली, "ही कोन हाय? माह्याशी काहून बोलून राहिली? बंद करा तिले." झालं.

कारण म्हणशील तर अपडेट. मशीन रोज विचारायचं, नवीन आवृत्ती आली आहे, घेता का. रोज रोज कोणी दारात उभं राहून विचारलं तर माणूस एक दिवस हो म्हणतोच. मी म्हटलं. त्यानंतर हे असं. बाकी विशेष काही घडलं नाही.

तू येऊन जाशील का? दिवाळीपर्यंत थांबायची ताकद नाही माझ्यात.

तुझा,
सुमंतमामा

*

बंगळुरू
६ ऑक्टोबर २०२५

मामा,

वाचून कसंतरी झालं. पण मी येऊ शकत नाही. आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना मागच्या महिन्यात घरी पाठवलं. उरलेल्यांनी सुट्टीचं नाव काढायचं नाही असं कोणी बोललेलं नाही, पण सगळ्यांना समजलेलं आहे. आणि इथे बसून तुमच्या मशीनमध्ये शिरावं, तर माझ्याजवळ फक्त कंपनीचा लॅपटॉप आहे, त्यावर तसलं काही चालत नाही. तेव्हा हात तुमचे आणि डोकं माझं, असंच करावं लागेल. डोकंही आजकाल अर्धंच शिल्लक असतं.

मला वाटतं असं झालं आहे: लिनक्सची, म्हणजे तुमचं मशीन ज्यावर चालतं त्या प्रणालीची, नवी आवृत्ती आली तेव्हा आपल्या बोलक्या प्रोग्रॅमला लागणारे जुने तुकडे तिने काढून टाकले. प्रोग्रॅमला ते तुकडे सापडत नाहीत, म्हणून तो उघडतो आणि मरतो. हे नेहमीचं आहे. तो काढून पुन्हा बसवायचा.

वेगळ्या मेलमध्ये काही ओळी पाठवल्या आहेत. काळी खिडकी उघडून एकेक ओळ तशीच्या तशी टाका. एक झाली, तिचं उत्तर आलं, की दुसरी. घाई करू नका. जे उत्तर येईल त्याचा मोबाईलने फोटो काढून पाठवा.

एक प्रश्न, आणि याचं उत्तर नीट आठवून द्या. अपडेट चालू असताना लाईट गेली होती का? मशीन मधेच बंद पडलं होतं का? तसं असेल तर मला सगळं वेगळ्या बाजूने पाहावं लागेल.

आवाजाच्या फाईलची काळजी करू नका. माझ्याकडे कॉपी आहे. मामीला सांगा, थोडा धीर धर म्हणावं. कसं सांगाल तेही कळत नाही म्हणा.

भैरवी

*

हुडकेश्वर
१० ऑक्टोबर २०२५

चि. भैरवी,

तुझ्या ओळींनी जीव काढला.

पहिल्याच ओळीला मशीनने पासवर्ड मागितला. मी टाईप करतो तर पडद्यावर काहीच उमटत नाही. मला वाटलं कीबोर्ड गेला. उलटा करून झटकला, त्यातून चिवड्याचे शेंगदाणे निघाले. मग कळलं की ते मुद्दामच दिसू देत नाही. अगं, हे आधी सांगायचं. मग तुझ्या ओळीच्या सुरुवातीला जे डॉलरचं चिन्ह होतं ते मी इमानदारीने टाकत राहिलो आणि मशीन इमानदारीने मला नाही म्हणत राहिलं. ते चिन्ह टाकायचं नसतं, हे शेजारच्या धम्मदीपने सांगितलं. तो बँकेत आहे, संध्याकाळी येऊन गेला. म्हणाला, "मामाजी, यातलं मलेही जास्त समजत नाही, पन एवढं माहीत हाय."

मग एक दिवस मशीन म्हणत राहिलं की हा तुकडा हवा असेल तर तो तुकडा लागेल, आणि तो तुकडा बसवता येत नाही कारण पहिला नाही. सरकारी कचेरीत जन्म गेला माझा, तरी असा कारभार पाहिला नाही. पण तुझी चौथ्या मेलमधली ओळ लागू पडली. प्रोग्रॅम बसला. खिडकी उघडली आणि उघडी राहिली.

मी मामीला हाताला धरून आणून खुर्चीवर बसवलं. टाईप केलं. बटण दाबलं. मशीनने एक इंग्रजी वाक्य दाखवलं, आवाजाची फाईल सापडली नाही म्हणून. ती बिचारी कान देऊन बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "नाही होत का?" मी एक टकटक केली. तिला कळेना की हो म्हणजे काय, होतं की होत नाही. तशीच उठून गेली.

लाईटचं विचारलंस. आमच्या भागात आजकाल लाईट जात नाही.

आता ती कॉपी पाठवून दे आणि मोकळी हो.

मामा

*

बंगळुरू
१२ ऑक्टोबर २०२५

मामा,

डॉलरचं आणि पासवर्डचं मीच सांगायला हवं होतं. रोज तेच करणाऱ्या माणसाला आपण काय करतो हे दिसेनासं होतं. धम्मदीपला माझा नमस्कार.

प्रोग्रॅम बसला हे मोठं काम झालं. फाईलचं मात्र विचित्र आहे. ती तुमच्या फोल्डरमध्ये होती, अपडेट तिथे हात लावत नाही. प्रोग्रॅम तुटणं समजू शकते, फाईल नाहीशी होणं समजत नाही. सोबत आणखी एक ओळ पाठवते, ती सगळं मशीन त्या नावासाठी धुंडाळेल. वेळ लागेल, लागू द्या. कचऱ्याच्या डब्यातही बघा. तुम्ही चुकून कुठे ओढून टाकली का? रागावणार नाही, फक्त सांगा.

कॉपी बघते आणि पाठवते. या आठवड्यात ऑफिसचं फारच चाललंय. घरी येते तेव्हा चप्पल काढायचाही कंटाळा आलेला असतो.

भैरवी

*

हुडकेश्वर
१७ ऑक्टोबर २०२५

चि. भैरवी,

तुझी ओळ चालवली. त्या नावाची फाईल कुठेच नाही. कचऱ्यात नाही. मी कुठे ओढून टाकली नाही.

आज वसुबारस. घरात दिवाळीची हालचाल असायला पाहिजे. तुझी मामी ओट्याशी बसून असते. आधी ती दिवसभर प्रश्न विचारायची, आणि टकटकीला वैतागून का होईना, आणखी विचारायची. आता विचारणंच सोडलं. चहा ठेवते आणि कप आणून माझ्या हाताजवळ ठेवते, हो-नाही न विचारता. चव बरोबर असते. तरी ते मला सहन होत नाही. पस्तीस वर्षं मी तिला गप्प बस म्हणत आलो, आणि आता बसली तर घर खायला उठतं. मी जवळ गेलो की ती अंग आवरून घेते. काय झालं म्हणून विचारू कशाने?

सक्करदऱ्याला पियूषचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याच्याकडे जाऊन आलो. चिठ्ठी लिहून दाखवली. चांगला पोरगा आहे. म्हणाला, काका, हे लिनक्स-फिनक्स काढून टाकू, सगळी डिस्क साफ करून नवीन टाकून देतो, मग तुमच्या भाचीने फाईल पाठवली की चिकटवून देऊ, दिवाळीच्या आत बोलायला लागेल. मला पटलं. तुझ्याकडे कॉपी आहेच. परवा सकाळी तो मशीन न्यायला माणूस पाठवतो आहे.

तुझ्या डोक्याला त्रास नको आता. तूही थकलेली दिसतेस.

मामा

*

बंगळुरू
१७ ऑक्टोबर २०२५, दुपार

मामा,

मशीन पियूषला देऊ नका. डिस्क साफ करू देऊ नका. हे आधी वाचा, मग बाकीचं.

माझ्याकडे कॉपी नाही. होती असं मला खरंच वाटत होतं. ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर होती, तो मागच्या पावसाळ्यात गेला. ऑनलाइन ठेवली असेल म्हणून आठवडाभर सगळं उपसलं. तिथे तुमच्या वाचनाचे जेमतेम अर्धा तासाचे तुकडे आहेत, तेवढ्यावर आवाज तयार होत नाही. उरलेलं रेकॉर्डिंग आता पुन्हा करता येणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी रोज उद्या सांगू म्हणत राहिले.

म्हणजे तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता, तुमच्या टेबलावरच्या डब्यात. पुसला नसेल तर अजून तिथेच कुठेतरी आहे. डिस्क साफ झाली की संपलं.

आणि मामा, फाईल पाय फुटून जात नाही. काहीतरी झालं आहे ते तुम्ही मला सांगत नाही आहात.

भैरवी

*

(कौसल्यामामीने मोबाईलमध्ये बोलून, मोबाईलकडून लिहवून घेऊन पाठवलेलं)

१८ ऑक्टोबर २०२५

भैरवी वं, मी मामी बोलून राहिली. हे फोनात बोललं की फोन लिहून घेते, असं तू शिकवलं होतं ना, तसं करून राहिली. काय लिहीन मेला देव जाने. तुह्ये मामा बाहेर गेले, त्या दुकानवाल्याले नाही म्हनाले. काहून नाही म्हनाले ते मले समजलं नाही, पन गेले.

तुले एक सांगाचं हाय. मशीन माह्या हातानं गेलं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या भिवापूरले माहेरी त्या दिवशी विळा, कुऱ्हाड, शिवनाची मशीन, सारं पुसून पाटावर मांडत. त्या दिवशी अवजाराले काम नाही लावत वं, त्याले आराम देत. माह्या घरी आता अवजार कोनतं? हेच. माह्या नवऱ्याचं तोंड हेच. मनात म्हटलं, याची पूजा पहिले. मामा झेंडूचे फुलं आनाले गेलते. मशीन गुरगुर करून राहिलं होतं. मले वाटलं हे बंद कराचं इसरले. मी हातानं वायर चाचपली अन् बटन बंद करून प्लग काढला. चांगलं ओल्या फडक्यानं पुसलं, हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

ते आले तशे दारातच उभे राहिले. फुलाची पिशवी खाली पडली, तो आवाज मी ऐकला. मग त्यायनं माह्या डोक्यावर हात ठेवला, असा थोपटला, अन् गेले मशीनीकडं. ते मशीन अंदरून काही करून राहिलं होतं, म्हनून त्यायले मले सांगता नसन आलं, की हात नको लावू म्हनून. सांगनार कशानं? सांगाचं ते मशीनच तर कामात होतं.

त्यायनं तुले हे सांगतलं नसन. मले माहीत हाय. मले वाचवून राहिले.

पन भैरवी, ते माह्यावर रागावले का नाही, हे मले समजत नाही. चेहरा दिसत नाही. आवाज नाही. टेबल वाजवतेत, त्यातनं राग कसा समजन? मी विचारू शकते. राग हाय काय म्हनून विचारलं की एक वाजवतीन नाहीतर दोन वाजवतीन. पन एक वाजली तर? म्हनून मी विचारतच नाही. काहीच विचारत नाही.

माह्या हातानं माह्या नवऱ्याचा आवाज गेला वं. तुह्यानं काही होत असन तर करून पाय. मी सांगतलं असं त्यायले नको सांगू. त्यायले वाटू दे मले काही माहीत नाही.

*

बंगळुरू
१९ ऑक्टोबर २०२५

मामा,

पियूषला नाही म्हणालात ना? बरं केलंत. शांतपणे बसा, आज आपण शेवटचा प्रयत्न करू.

मी रागाने लिहिलं ते सोडून द्या. आपण असं धरून चालू की त्या दिवशी लाईट गेली होती. कोणाची चूक नाही, लाईट गेली. तुमच्या भागात जात नाही हे मला माहीत आहे. तरी गेली असं धरा.

काम चालू असताना मशीनचा वीजपुरवठा तुटला की डिस्कवरची नोंद विस्कटते. पुढच्या वेळी सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत बरेच प्रश्न येतात, हे दुरुस्त करू का, ते जोडू का. तुम्हाला तसं काही विचारलं होतं का? विचारलं असेल तर तुम्ही काय उत्तर दिलं, तेही आता महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की तेव्हा ज्या फायलींचा पत्ता हरवतो, त्या मशीन फेकून देत नाही. डिस्कच्या मुळाशी लॉस्ट अँड फाउंड नावाचा एक फोल्डर असतो, त्यात नेऊन ठेवतं. नाव गेलेलं असतं, नावाऐवजी नुसता आकडा असतो. मागच्या वेळी आपण नावाने शोधलं म्हणून मिळाली नाही. तुमच्या खात्यात पत्ता नसलेली पत्रं जिथे जात, तसलंच हे ऑफिस समजा.

तो फोल्डर साध्या रीतीने उघडत नाही, परवानगी लागते. ओळ सोबत आहे, डॉलर नाही. आत जे असेल त्याची आकारानुसार यादी येईल. आपली फाईल मोठी आहे, आठवतं त्याप्रमाणे साठ एमबीच्या आसपास. तेवढ्या आकाराची दिसली तर तिची नक्कल आपल्या फोल्डरमध्ये आणायची आणि तिला जुनं नाव द्यायचं. मूळ फाईलला हात लावायचा नाही. पुढच्या ओळी क्रमाने दिल्या आहेत.

नसेल तर मला तसंच सांगा. मग रडायचं ते दोघं मिळून रडू.

एक मात्र ऐका. मामीजवळ जाऊन बसत जा. टकटक नको, नुसते बसा.

भैरवी

*

हुडकेश्वर
२२ ऑक्टोबर २०२५

चि. भैरवी,

सापडली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी बसलो. तुझा फोल्डर उघडला. आत नुसते आकडे. त्यात एकच मोठी होती, बाकीच्या किरकोळ. नक्कल केली, नाव दिलं. नाव देताना घाईत अक्षर चुकलं, प्रोग्रॅम पुन्हा नाही म्हणाला. मग चूक दिसली, सुधारली.

लाईटचं तू धरून चाललीस, त्याबद्दल तुझे उपकार आहेत. तू हुशार आहेस, तुला कोणीतरी सांगितलं असावं आणि कोणी ते मी विचारणार नाही. हो, प्रश्न आले होते. प्रत्येकाला मी हो म्हटलं. त्या वेळी मला घाई एवढीच होती की मशीन चालू व्हावं आणि आपल्या हातून काही बिघडलं असं तुझ्या मामीला कळू नये. तुला लिहून कळवलं असतं तर तू कधीतरी फोनवर बोलता बोलता तिच्याजवळ बोलली असतीस, म्हणून तुलाही सांगितलं नाही. त्यापायी तुझे दोन आठवडे फुकट गेले. पण पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन, हेही सांगून ठेवतो.

आता पुढचं ऐक.

ती करंज्या करत होती. हात पिठाचे. मी तिला तशीच आणून खुर्चीवर बसवलं. मागच्या वेळचं लक्षात असेल, ती कान देऊन बसली नाही, नुसती बसली. मी आधी काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं होतं. टाईप केलं आणि बटण दाबलं. माझा आवाज खोलीत आला, "कौसल्या, त्या दिवशी लाईट गेली होती. तुझा हात लागायच्या आधीच मशीन बंद पडलं होतं."

ती पिठाचे हात मांडीवर तसेच ठेवून बसली. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा बटण दाबलं. मशीनने तेच पुन्हा म्हटलं.

तेव्हा म्हणाली, "खोटं बोलून राहिले तुम्ही."

भैरवी, त्या मशीनला खरं-खोटं काय माहीत? ते सगळी वाक्यं एकाच सुरात म्हणतं, वाण्याची यादी असो की प्रेमाचं बोलणं असो. तूच बनवलं आहेस, तुला ठाऊक आहे. मी टाईप केलं, "कशावरून?" ती म्हणाली, "लग्न झालं तवापासून ओळखते. खोटं बोलता तवा तुमचा आवाज असाच निघते."

मग टाईप केलं, "मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. एक दिवससुद्धा नाही."

मशीनने ते त्याच सुरात म्हटलं. ती रडायला लागली. पिठाच्या हातांनीच डोळे पुसले आणि म्हणाली, "हे खरं हाय."

तुझा,
सुमंतमामा